जुनी मेडिक्लेम पॉलिसी बंद करण्यापूर्वी

आपली परिस्थिती मला समजली ती अशी. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी कारखान्यातून आपण तीन महिन्यांपूर्वी, साठाव्या वर्षी निवृत्त झालात आणि त्याबरोबर कंपनीचा गट विमा संपला. २०१२ पासून स्वतःच्या पैशाने चालू ठेवलेली पाच लाखांची फ्लोटर, म्हणजे दोघांना मिळून एकच विमा रक्कम असलेली, पॉलिसी आपल्याकडे आहे. तिचा हप्ता यंदा ५२,००० रुपये आला असून नूतनीकरणाची तारीख मार्चअखेरीस आहे. पत्नी ५६ वर्षांच्या आहेत, त्यांना सहा वर्षांपासून मधुमेह आहे, आणि इतक्या वर्षांत या पॉलिसीवर एकही क्लेम झालेला नाही. सत्तरीनंतर सरकारचे पाच लाखांचे संरक्षण मिळणारच आहे, मग तोपर्यंत हा हप्ता मुदत ठेवीत टाकला तर काय बिघडले, असे आपण विचारले आहे.

मी सांगलीतच राहतो. नोकरीची बहुतेक वर्षे एका सामान्य विमा कंपनीच्या दावा विभागात गेली आणि आता परिचित ज्येष्ठ मंडळींच्या पॉलिसी व क्लेमची कागदपत्रे पाहून देतो. पॉलिसी विकत नाही, त्यामुळे आपण ती ठेवली काय किंवा सोडली काय, त्यात माझा व्यवहार नाही. माझे मत असे की ही पॉलिसी बंद करू नये. मात्र आज आहे त्याच स्वरूपात ती पुढची पंधरा वर्षे ओढत राहावी, असेही मी म्हणणार नाही.

हा प्रश्न हप्ता परवडण्याचा वाटतो, पण त्याआधी आपल्या हातात नेमके काय आहे ते पाहिले पाहिजे. आपली पॉलिसी २०१२ ची आणि पत्नीचा मधुमेह सहा वर्षांपूर्वीचा, म्हणजे आजार पॉलिसीनंतर आला. विम्याच्या भाषेत तो 'आधीपासूनचा आजार' ठरतच नाही. मधुमेहातून पुढे मूत्रपिंड, हृदय, डोळे किंवा पायाची जखम असे काही उद्भवले तर त्या उपचाराला प्रतीक्षा कालावधी, म्हणजे खर्च मिळण्याआधी थांबण्याची मुदत, लागू होत नाही. त्याखेरीज विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२४ पासून असा नियम केला आहे की पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. आपण दोन्ही हिशेबांनी ती केव्हाच ओलांडली आहे. क्लेम झाला म्हणून किंवा वय वाढले म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही, हेही याच्या जोडीला धरा.

हीच पॉलिसी आज सोडली आणि दोन वर्षांनी पुन्हा घ्यावीशी वाटली, तर काय होईल? नवीन पॉलिसीसाठी वयाची कमाल अट आता राहिलेली नाही, हे खरे आहे. परंतु अर्ज करता येणे आणि तो मंजूर होणे यांत अंतर आहे. ५८ वर्षांच्या मधुमेही स्त्रीचा अर्ज कंपनी वैद्यकीय तपासणीनंतर नाकारू शकते, जादा हप्ता लावून स्वीकारू शकते, किंवा प्रत्येक बिलातला ठरावीक हिस्सा आपण सोसावा, या अटीवर घेऊ शकते. स्वीकारलाच, तरी मधुमेह तेव्हा 'आधीपासूनचा आजार' होईल आणि त्याच्याशी संबंधित उपचारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागेल. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचा सांधा बदलणे यांसारख्या शस्त्रक्रियांचा स्वतंत्र प्रतीक्षा कालावधी पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल, आणि ६० महिन्यांची मोजणीही शून्यावर येईल. चौदा वर्षांची ही सलगता पैसे देऊन परत विकत मिळत नाही. म्हणून ५२,००० रुपये वाचवताना आपण नेमके काय सोडत आहात, त्याचा हिशेब मांडताना या सलगतेला पहिले स्थान द्यावे, असे मला वाटते.

इथे दावा विभागातली एक बाब जवळून दाखवतो, कारण मधुमेही रुग्णांच्या बाबतीत ती फार उपद्रव देते. रुग्ण दाखल होताना निवासी डॉक्टर पूर्वेतिहास लिहून घेतात. सोबत आलेला भाऊ किंवा मुलगा घाईत सांगून जातो, "खूप वर्षांपासून शुगर आहे," आणि केसपेपरवर 'के/सी/ओ डीएम, १५ वर्षे', म्हणजे रुग्णाला १५ वर्षांपासून मधुमेह आहे, अशी ओळ पडते. तीच ओळ पुढे डिस्चार्ज समरीत उतरते. क्लेम तपासणारा माणूस रुग्णाला ओळखत नसतो. त्याच्यासमोर कागद असतो आणि पॉलिसी सुरू झाल्याची तारीख असते. आपल्या बाबतीत ६० महिने उलटून गेल्यामुळे अशा ओळीवरून क्लेम नाकारणे नियमाला धरून होणार नाही, तरीही त्यावरून खुलासे मागवले जातात आणि बिल अडकून राहते. म्हणून ज्या तपासणीत पत्नीची शुगर प्रथम वाढलेली आढळली, तो रिपोर्ट आणि डॉक्टरांची पहिली चिठ्ठी पॉलिसीच्या फाइलमध्ये लावून ठेवा. घरच्यांना 'शुगर कधीपासून' या प्रश्नाचे एकच आणि खरे उत्तर माहीत असू द्या, आणि डिस्चार्ज घेताना समरी वाचून चुकीचे वर्ष तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. एकदा सही-शिक्का होऊन कागद बाहेर पडला की दुरुस्तीचे पत्र मिळवणे अवघड जाते.

आता मुदत ठेवीकडे वळू. दरवर्षी ५२,००० रुपये साडेसहा टक्के व्याजाने ठेवत गेलात, तर दहा वर्षांनी सुमारे साडेसात लाख रुपये जमतील. उलट हप्ता दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढत गेला असे गृहीत धरले, तर दहा वर्षांत तुम्ही सव्वाआठ लाखांच्या पुढे रक्कम भरलेली असेल, आणि दहाव्या वर्षाचा हप्ताच १,२२,००० च्या पुढे गेलेला असेल. नुसते हे आकडे पाहिले तर मुदत ठेव शहाणपणाची वाटते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण आजारपण दहाव्या वर्षाची वाट पाहत थांबत नाही. दुसऱ्या वर्षाअखेर या ठेवीत साधारण १,१४,००० रुपये असतील, आणि त्याच वर्षी हृदयाची शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली, तर उरलेले पैसे भविष्य निर्वाह निधीच्या रकमेतून काढावे लागतील. त्या रकमेच्या व्याजावर आपला महिन्याचा खर्च चालणार असेल, तर एका आजारपणाची झळ पुढच्या सगळ्या वर्षांना लागेल. कारखान्यातल्या नोकरीनंतर मिळणारे पेन्शन बहुधा तुटपुंजे असते, म्हणून आपल्यासारख्यांच्या बाबतीत हा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो.

सरकारी योजनांबद्दल आपल्या समजुतीत थोडी दुरुस्ती करायला हवी. सत्तरीनंतर मिळणारे संरक्षण म्हणजे आयुष्मान वय वंदना कार्ड. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येते, त्यामुळे एक घेण्यासाठी दुसरे सोडावे लागत नाही. परंतु ते ७० पूर्ण केलेल्यांसाठीच आहे. आपण सत्तरीत पोहोचाल तेव्हा पत्नी ६६ वर्षांच्या असतील आणि आपल्या कार्डाचा त्यांना उपयोग होणार नाही. पुढे त्याही सत्तरीत आल्या की ते पाच लाख दोघांत मिळून असतील. म्हणजे ज्यांना आधीच आजार आहे, त्यांच्यापर्यंत हे संरक्षण पोहोचायला अजून चौदा वर्षे आहेत.

दुसरीकडे, सत्तरीपर्यंत सरकारकडून काहीच मिळत नाही, असेही नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांपुरती राहिलेली नसून शुभ्र शिधापत्रिकाधारक कुटुंबांनाही तिच्यात घेतले आहे, आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपये इतकी आहे. आपली शिधापत्रिका अद्ययावत असल्याची आणि तिच्यावरची नावे आधारशी जुळत असल्याची खात्री या महिन्यातच करून घ्यावी. या योजनांना मी कमी लेखत नाही. मिरजेच्या रुग्णालयांत अनेक कुटुंबांना त्यांनी कर्जापासून वाचवलेले मी पाहिले आहे. तरी त्यांच्या मर्यादा माहीत असाव्यात. उपचार योजनेच्या यादीतला असावा लागतो, रुग्णालय योजनेत असावे लागते, आणि ते त्या आजाराच्या विभागासाठीही असावे लागते. हाडांच्या उपचारांसाठी योजनेत असलेले रुग्णालय हृदयासाठी असेलच असे नाही. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. योजनेबाहेरच्या रुग्णालयात पैसे भरले, तर ते नंतर परत मागता येत नाहीत. रात्री दोन वाजता छातीत कळ आली की आपण जवळच्या दवाखान्यात जातो, यादी उघडून पाहत बसत नाही. त्या वेळी जुनी पॉलिसी उपयोगी पडते. नियोजित शस्त्रक्रियेसाठी मात्र आधी रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राकडे चौकशी करावी आणि शक्य असेल तर पॉलिसीला हातही लावू नये.

पॉलिसी ठेवावी, असे म्हणताना तिच्यातले कच्चे दुवेही सांगितले पाहिजेत, कारण जुन्या पॉलिसींत ते हमखास असतात. पहिला म्हणजे खोलीभाड्याची मर्यादा. अनेक जुन्या पॉलिसींत रोजचे भाडे विमा रकमेच्या एक टक्क्यापर्यंतच मान्य असते. समजा विमा रक्कम तीन लाख आहे, म्हणजे भाड्याची मर्यादा ३,००० रुपये, आणि रुग्ण ६,००० रुपयांच्या खोलीत चार दिवस राहिला. बिलात भाडे २४,०००, शस्त्रक्रिया, भूल, नर्सिंग वगैरे मिळून १,२०,०००, आणि औषधे व रोपण साहित्य ९०,०००, असे एकूण २,३४,००० रुपये झाले. घरच्यांना वाटते, फार तर भाड्यातला १२,००० चा फरक भरावा लागेल. प्रत्यक्षात मान्य भाडे निम्मे असल्यामुळे डॉक्टरांचे शुल्क आणि शस्त्रक्रियागृहाचा खर्चही निम्माच धरला जातो. औषधे आणि रोपण साहित्य तेवढे या कपातीतून वगळलेले असते. कंपनी १२,०००, ६०,००० आणि ९०,००० मिळून १,६२,००० रुपये देते आणि ७२,००० रुपये खिशातून जातात. डिस्चार्जच्या काउंटरवर हे पहिल्यांदा कळते, तेव्हा माणसे विमा कंपनीला लुबाडणारी म्हणतात. त्यांचा संताप मी समजू शकतो, पण ती अट पॉलिसीत छापलेली असते. आपल्या पॉलिसीत पाच लाखांवर एक टक्का असेल, तर ५,००० रुपयांची खोली सांगली-मिरजेत मिळून जाते. पुण्यात मात्र ती मिळेलच असे नाही.

पुण्याचा उल्लेख मुद्दाम केला. आपल्या भागात मिरज हे वैद्यकीय सेवेचे जुने ठिकाण आहे, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केल्यापासून इथे कर्नाटकातूनही रुग्ण येत आले आहेत. सातारकरांना कऱ्हाड जवळ पडते. त्यामुळे बहुतेक उपचार घराजवळ आणि मोठ्या शहरांपेक्षा कमी खर्चात होतात. पण आपला मुलगा पुण्यात आहे, असे आपण लिहिले आहे, आणि मोठे आजारपण आले की वृद्ध आई-वडिलांना मुले आपल्याकडे नेतात, हा अनुभव आहे. काही पॉलिसींत शहरांचे गट केलेले असतात. लहान शहराच्या दराने हप्ता भरून मोठ्या शहरात उपचार घेतले, तर बिलाचा ठरावीक टक्का आपल्याला सोसावा लागतो. आपल्या पॉलिसीत अशी अट आहे का, हे आत्ताच पाहून ठेवा.

हप्त्याचे ओझे कमी करायचे असेल, तर पॉलिसी सोडण्याच्या अलीकडे बरेच मार्ग आहेत. माझा कल असा की पाच लाखांची मूळ पॉलिसी तशीच ठेवून तिच्यावर पाच लाखांच्या वजावटीचा सुपर टॉप-अप घ्यावा, म्हणजे वर्षाचा खर्च पाच लाखांच्या वर गेला की फक्त वरचा भाग देणारी जोड पॉलिसी. साधा टॉप-अप घेऊ नये. वर्षात दोनदा दाखल व्हावे लागले आणि दोन्ही वेळा चार-चार लाख खर्च झाला, तर साधा टॉप-अप एक रुपयाही देणार नाही, कारण दोन्ही बिले स्वतंत्रपणे पाच लाखांच्या आत आहेत. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो आणि वरचे तीन लाख देतो. सुपर टॉप-अपला नव्याने प्रतीक्षा कालावधी लागतो, म्हणून तो लवकर घ्यावा. मूळ पॉलिसीच्या आधाराने ती वर्षे निघून जातात. पत्नीचा मधुमेह अर्जात स्पष्ट लिहावा, आणि त्या कारणाने त्यांचा अर्ज नाकारला गेला तर मूळ पॉलिसीचे महत्त्व आणखी वाढेल.

पुढे हप्ता खरोखर डोईजड होऊ लागला, तर पॉलिसी बंद करण्याऐवजी विमा रक्कम कमी करावी. मात्र कमी केलेली रक्कम पुन्हा वाढवली, तर वाढीव भागापुरती सर्व मोजणी नव्याने होते, म्हणून हा निर्णय एकदाच आणि शांतपणे घ्यावा. फ्लोटरचा हप्ता सहसा दोघांतल्या मोठ्या वयावर ठरतो. आपल्या दोघांत चार वर्षांचे अंतर आहे. आपण सत्तरीत येऊन कार्ड काढाल, तेव्हा पॉलिसी विभागून पत्नीची पूर्ण आणि आपली कमी रकमेची ठेवता येईल का, आणि सलगता दोघांचीही टिकेल का, हे कंपनीला लेखी विचारावे. तोंडी उत्तरावर विसंबू नये. कंपनीच बदलायची असेल, तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टेबिलिटीचा अर्ज करावा लागतो. जुनी सलगता बरोबर येते, पण नवी कंपनी अर्ज नाकारू शकते, आणि तिचा होकार हाती येण्यापूर्वी जुनी पॉलिसी कधीही सोडू नये.

हप्त्याबाबत दोन गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे, त्यामुळे यंदाच्या नोटिशीत कर धरलेला नाही ना, हे तपासावे. तसेच जानेवारी २०२५ च्या आदेशानुसार ६० वर्षांवरील विमाधारकांचा हप्ता एका वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल, तर कंपनीला आधी नियामकाशी विचारविनिमय करावा लागतो. म्हणून वर मी दहा टक्के धरले. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत ज्येष्ठांना आरोग्य विम्याच्या हप्त्यावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, नव्या पद्धतीत मिळत नाही. केवळ एवढ्यावरून पॉलिसीचा निर्णय करू नये.

माझा सल्ला सर्वांना लागू पडेल, असे नाही. माजी सैनिकांना, आणि सातारा जिल्ह्यात त्यांची संख्या मोठी आहे, ईसीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेचे संरक्षण असते. केंद्र सरकारच्या निवृत्तांना सीजीएचएस ही आरोग्य योजना असते. अशांना खासगी पॉलिसी दुय्यम ठरू शकते. ज्यांच्याकडे घरखर्चाचे उत्पन्न वेगळे आणि वीस-पंचवीस लाख केवळ आजारपणासाठी बाजूला आहेत, त्यांनीही स्वतःचा हिशेब स्वतः करावा. ज्यांची पॉलिसी दोन-तीन वर्षांचीच आहे, ज्यांना कोणताही आजार नाही आणि हप्ता पेन्शनच्या निम्म्यावर जातो, त्यांना मी पॉलिसी चालू ठेवाच, असा आग्रह करणार नाही. आणि जे अजून नोकरीत आहेत व ज्यांचे सगळे संरक्षण कंपनीच्या गट विम्यावर आहे, त्यांनी निवृत्तीपूर्वीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्यासाठी अर्ज करावा. तशी सोय नियमांत आहे आणि गट विम्यातली वर्षे त्यात धरली जातात.

थोडक्यात, मार्चचा हप्ता वेळेवर भरा. तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते आणि सलगता टिकते, पण वार्षिक हप्ता थकलेल्या त्या दिवसांत आजारपण आले, तर त्याचा खर्च मिळत नाही. वाढीबद्दल किंवा क्लेमबद्दल तक्रार उद्भवली, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, आणि तिथे समाधान झाले नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येते. सांगली आणि सातारा दोन्ही जिल्हे त्या कार्यालयाकडे येतात, शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

आपल्या मजकुरात दोन गोष्टी आलेल्या नाहीत. २०१२ मध्ये विमा रक्कम सुरुवातीपासूनच पाच लाख होती, की ती मध्ये कधी वाढवली? वाढवली असेल, तर वाढीव भागाचे ६० महिने त्या तारखेपासून मोजावे लागतील आणि मधुमेहाआधी की नंतर वाढवली, यावरही बरेच अवलंबून राहील. आणि पॉलिसीच्या अटींत खोलीभाड्याबद्दल नेमके काय छापले आहे? एवढे कळवलेत, तर सुपर टॉप-अप किती रकमेचा घ्यावा आणि पोर्टेबिलिटीचा विचार करावा की नाही, हे अधिक नेमकेपणाने सांगता येईल. पोर्टेबिलिटीचा अर्ज करायचा ठरल्यास फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी तो जायला हवा, त्यामुळे हे कागद जानेवारीतच काढून पाहावेत.